कापून टाकलेला हुंकारा

आमच्या घरी धानाच्या पोत्यांची एक खोली आहे. त्या खोलीत माझी सून कॉलेजच्या पोरांसाठी फोनमध्ये धडे बोलायची, अन् माझी बायको समोर बसून तिले हुंकारा द्यायची. आता बायको नाही. धडे आहेत, पोरं अजूनही ऐकतात, पण त्या धड्यांत माझी बायको कुठंच नाही. तिचा हुंकारा कापून फेकलेला आहे, अन् हे मले ती गेल्यावर कळलं. मले तिचा आवाज एक वेळ पाहिजे होता. बस, तेवढंच. त्यापायी जे झालं ते लिहितो.

मी फार शिकलो नाही. मराठी आईकडून आली, हिंदी मास्तरकडून, अन् लिहायले बसलो की दोन्ही एकमेकीच्या पायात येतात. सारा जन्म राइस मिलमध्ये गेला. धान भरडायच्या मशीनजवळ उभं राहून राहून उजवा कान पुरा गेला, डावा अर्धा उरला. बायको माझ्याशी बोलायची तर डाव्या बाजूले यायची, खांद्यावर हात ठेवायची अन् ओरडून बोलायची. शेजारच्यांले वाटे, यांचं रोजच भांडण.

सून भंडाऱ्याकडची. इथं बालाघाटात एका कॉलेजात भूगोल शिकवते. पोरगा मलाजखंडले ठेकेदाराच्या कामावर, सुट्टी भेटली की येतो. म्हणून घरात आम्ही तिघंच.

सून सांगायची, हजेरीत नावं भरपूर अन् बाकावर पोरं मोजकी. काही पोरं खदानीत कामाले जातात, काही दुकानात बसतात. काही पोरींची लग्नं झाली, त्या घरचं करून परीक्षेपुरत्या येतात. घाटावरच्या उकव्याहून यायचं तर बस चुकली की धडा चुकला. अशा पोरांसाठी युनिव्हर्सिटीनं कम्प्युटरवर मास्तर लोकांचं एक ट्रेनिंग ठेवलं. त्याचं नाव पॉडकास्ट. सून ट्रेनिंग करून बाहेर आली अन् आम्हा दोघांले समजावून सांगायले बसली.

"हे का रेडिओ हाय का व?" बायकोनं विचारलं.

"रेडिओसारखंच, आत्याबाई. पन रेडिओ त्याच्या टायमाले बोलते, हे आपल्या टायमाले आयकायचं. पोरगा खदानीतून घरी आला, हातपाय धुतले, अन् मंग लावलं तरी चालते. नाई समजलं तं परत लावलं."

"म्हंजे शिदोरी," बायको म्हणाली. "बांधून देल्ली, भूक लागली तवा सोडली."

"मंग मास्तरनीले काम काय राह्यलं?" मी म्हटलं. "एक डाव बोलली, जलमभर पगार."

"मामाजी, तुमी एक धडा बोलून दाखवा, मंग पगाराचं बोला," सून म्हणाली. बायको तोंडाले पदर लावून हसली. मले हसणं ऐकू येत नसे, पदर दिसे.

कम्प्युटरमधल्या सरनं सांगितलं होतं की छोटी खोली पाहा, जिथं आवाज घुमत नाही, कापडचोपड भरपूर असेल. आमच्या घरी धानाची खोलीच तशी. सुनेनं दोरी बांधून त्यावर सगळ्या गोधड्या टाकल्या. पंखा बंद. कॉलरले एक बटनाएवढा माइक. धडा लांब नको, चुलीवर भात होते तेवढ्यात संपला पाहिजे. कागद पाहून वाचायचं नाही. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, सर म्हणे, पुऱ्या वर्गाले सांगतो असं समजू नका. एका माणसाशी बोला.

तेच तिले जमेना. वर्गात ती बोलते तर रस्त्यावर ऐकू जाते म्हणतात. त्या खोलीत माइक लागला की तिची जीभ लाकडाची होऊन जाय. शेवटी कागद काढे अन् वाचत सुटे. बायको दाराशी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, हे सुनेनं मले मागून सांगितलं, "गोंदियाची गाडी कोन्त्या फलाटावर येऊन राह्यली व?"

सुनेनं माइक काढून पोत्यावर ठेवला. "कोनाशी बोलू, आत्याबाई? भिंतीशी?"

"माह्याशी बोल ना. मी हुंकारा देतो," बायको म्हणाली. आमच्याकडं बायाही 'देतो'च म्हणतात.

हुंकारा म्हणजे काय, हे आता पोरांले सांगावं लागते. आमच्याकडं घरात कोणी कहाणी सांगायले बसलं की ऐकणाऱ्यातल्या एकानं 'हूं' म्हणायचं. एक गोष्ट सांगितली, हूं. पुढची सांगितली, हूं. कहाणी सांगणारी म्हातारी त्याच्या भरवशावर चालते. हुंकारा थांबला की म्हातारीही थांबते. म्हणते, झोपले वाटते सारे, कोणासाठी सांगू? मग सगळे पोट्टे त्याच्यावर तुटून पडतात, ज्याच्याकडं हुंकाऱ्याचं काम होतं त्याच्यावर. माझी बायको तिच्या माहेरी लहानपणापासून हुंकारा द्यायची. तिले सवय होती. भांडी घासता घासताही द्यायची.

तर अशी ती सुनेच्या समोर बसली, पाय पसरून, पोत्याले पाठ लावून. अन् सून बोलायले लागली. हिंदीत बोलायची, कारण कॉलेज हिंदीचं. बायकोले हिंदी समजे, बोलताना मात्र ती मराठीच बोले. हुंकारा दोन्हीत एकच.

मी कधी कधी दारातून पाहत होतो. मले ऐकू काही येत नव्हतं, पण दिसत होतं. सून हातवारे करून राह्यली अन् बायकोची हनुवटी खालीवर होऊन राह्यली. एकदा नदीचा धडा होता. नदी वळणावर एका बाजूचा काठ कापते अन् दुसऱ्या बाजूले रेती टाकते, असं काही. सुनेनं पुस्तकातले मोठे शब्द घातले अन् बायकोची हनुवटी हलली नाही. सून थांबली. परत बोलली. हनुवटी नाही. मग सुनेनं हातानं वैनगंगा काढली पोत्यावर, बोटानं काठ खरडून दाखवला, अन् हनुवटी हलली. नंतर सून मले म्हणाली, "मामाजी, वर्गात पोरं मान हलवतात पन खोटी हलवतात. आत्याबाईले समजलं नाई तर हुंकारा निंगतच नाई."

"खोटं तिले जमतच नाई," मी म्हटलं. "माह्या आईच्या मयतीतबी रडली नवती. म्हने, मले तुमची आई आवडत नवती."

खरंच म्हणाली होती. तेव्हा मले राग आला होता. आता ते आठवून तिचं कौतुक वाटते.

सुरुवातीले या दोघींचं काही खास नव्हतं. सून शिकलेली, सकाळी डबा घेऊन जाणार, बायकोले वाटे घरात भाडेकरू आणला. धानाच्या खोलीनं दोघींले जोडलं. दुपारी सून कॉलेजातून आली की बायको आधीच पंखा बंद करून, कोंबड्या हाकलून तयार बसायची. गल्लीत भाजीवाला ओरडला तर त्याले हातानं 'चूप' म्हणायची. तो बिचारा म्हणे, माय, ओरडू नाही तर भाजी विकू कशी? शेवटी तोच दुपारी आमची गल्ली सोडून जायले लागला. भाजी आणायले मग मले चौकापर्यंत जावं लागे.

मग ती गेली. कशानं गेली ते लिहून काही होत नाही. थंडीत आजारी पडली, दवाखान्यातून घरी आणली, अन् घरीच गेली.

लोक बसायले आले, गेले. पोरगा मलाजखंडले परत गेला. सून कॉलेजले जायले लागली. मी घरात. आमच्या घरात तसाही मले आवाज कमीच येत होता, पण आता खांद्यावर हात ठेवणारं कोणी नव्हतं. एक दिवस मी खाटेवर बसून तिचा आवाज आठवायले लागलो, अन् मले तो आठवेना. तोंड आठवे. हात आठवे. ओरडताना मानेची शीर फुगायची ती आठवे. आवाज नाही.

फोटो होते. पोराच्या लग्नाची शूटिंग होती, शेजारच्या पोराकडून टीव्हीवर लावून घेतली. त्यात ती आहे, वरमाय म्हणून फिरते, बोलते, ओठ हलतात. पण शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वरून गाणी टाकून ठेवली. मी टीव्हीले डावा कान लावून बसलो. गाणंच गाणं. फोनवर ती कधी बोलायची नाही. पोराचा फोन आला की सुनेच्या हातात द्यायची, तूच बोल म्हणायची.

तेव्हा मले धानाची खोली आठवली. तिथं तर रोज माइक लागत होता! तिथं ती रोज बोलत होती. बोलत नव्हती, हुंकारा देत होती, पण आवाज तिचाच ना?

सुनेनं ती गेल्यापासून एकही नवा धडा केला नव्हता. कॉलेजवाले विचारत होते. पोरं विचारत होती. एक दिवस मी पाहिलं, ती खोलीत माइक लावून बसली होती अन् तोंडातून शब्द नाही. समोरच्या पोत्याकडं पाहून राह्यली. मी आत गेलो अन् बायकोच्या जाग्यावर बसलो.

"बोल. मी देतो हुंकारा."

ती बोलायले लागली. मी तिच्या तोंडाकडं पाहून अंदाजानं 'हूं' म्हटलं. तिचं वाक्य अजून व्हायचं होतं. मग तिचं वाक्य संपलं अन् मी चूप. ती थांबली, मले वाटलं आता, मी म्हटलं 'हूं', अन् त्याच वेळी ती पुढचं बोलली. असं चाललं थोडं. तिनं माइक बंद केला.

"मामाजी, राहू द्या," ती माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली.

"जमून जाईन सवयीनं."

"नाई जमत. अन् मले तुमच्याकडं पाह्यवत नाई अथी बसलेलं."

मी तरी उठलो नाही. म्हटलं, "मंग एक काम कर. ते जुने धडे लाव. मले तिचा हुंकारा आयकव. आवाज मोठा कर अन् कानाले लाव."

सून माइक डबीत ठेवत राहिली. मले वाटलं, ऐकलं नाही, म्हणून परत सांगितलं. तेव्हा तिचं तोंड पाहिलं. पांढरंफटक.

"मामाजी, त्यात आत्याबाई नाईत."

"कसी नाई? रोज तं बसत होती."

"मी कापल्या."

"कापल्या म्हंजे?"

मग तिनं सांगितलं. अगदी पहिला धडा तिनं जसा झाला तसाच पोरांच्या ग्रुपवर टाकला होता, हुंकाऱ्यासकट. पोरं हसली. कोणी लिहिलं, मैडम, क्लास में दादी कौन आई है? तिनं तो लगेच काढून टाकला. कम्प्युटरमधल्या सरले विचारलं, तर तो म्हणाला, बोलणाऱ्याच्या आवाजाशिवाय जे काही आहे ते नॉइज. ते साफ करायचं. मग त्यानं साफ करायले शिकवलं. कम्प्युटरवर आवाज डोंगरासारखा दिसतो म्हणे, अन् दोन डोंगरांच्या मधात हुंकारा म्हणजे एक बारीकसं टेकाड. त्या टेकाडावर बोट ठेवायचं अन् उडवायचं. प्रत्येक धड्यातला प्रत्येक हुंकारा तिनं असा उडवला. अन् कच्चे धडे, साफ करायच्या आधीचे, तेही फोनमध्ये जागा नाही म्हणून पुसले.

"तिले मालूम होतं?" मी विचारलं.

"हौ. मी सांगतलं होतं. त्या म्हनाल्या, काढ ना, मी का मास्तरीन हाव का?"

असंच म्हणाली असणार. तिले काय, तिले कोणी ऐकावं अशी हौसच नव्हती. पण मी सुनेले सोडलं नाही.

"तिनं तुले पोरीसारखं मानलं," मी म्हटलं, "अन् तू तिले नॉइज मानलं."

ती रडली. मी बोललो ते बोललो. खोटं काय होतं त्यात? मग कित्येक दिवस आमच्या घरात ताटं वाढली जात, ताटं उचलली जात, अन् बोलणं नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाशी अबोला धरणं सोपं असते. फक्त त्याच्यासमोर यायचं नाही. पोरगा सुट्टीले आला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् त्यानं कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त केलं. दुसरं काय करणार तो?

मग परीक्षा आल्या. एक दिवस सून कॉलेजातून आली ती पर्स खांद्यावर तशीच घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. अबोला विसरून कानाशी ओरडली, "मामाजी, एका पोरीकडं हुंकारा हाय!"

उकव्याची एक पोरगी. लग्न झालेली, नवरा मॅंगनीजच्या खदानीत. परीक्षेले आली होती अन् पेपर झाल्यावर सुनेले भेटली. बोलता बोलता म्हणाली, मैडम, आपने वो हूं-हूं क्यों निकाल दिया? पहला वाला अच्छा था. सुनेनं तिचा हातच धरला. पहिला धडा ग्रुपवरून काढायच्या आधीच त्या पोरीनं फोनमध्ये उतरवून घेतला होता, अन् तिच्याकडं तो आहे. जुन्या फोनमध्ये आहे, त्याची काच फुटलेली, सिम नाही, घरीच पडलेला असतो. पण धडा वाजतो.

"मी जाऊन आनतो उद्या," सून म्हणाली.

"मी येतो."

"घाटाची बस हाय, मामाजी. तुमची कंबर..."

"कंबर गेली चुलीत. मी येतो."

उकव्यावरून बैहरकडं जाणाऱ्या बसमध्ये आम्ही बसलो. तिनं मले खिडकी दिली. जंगल सुरू झालं तसा बसचा आवाज माझ्या छातीत वाजायले लागला, कानात नाही. मी मनातल्या मनात तयारी करत होतो. डाव्या कानाले लावायचं, डोळे मिटायचे. दोन्ही हातांनी फोन धरायचा. सुनेशी आता नीट बोलायचं, असंही ठरवलं. मी नवीन धोतर नेसून गेलो होतो. कशाले, मलेच माहीत नाही.

त्या पोरीचं घर खदानीच्या वस्तीत, दोन खोल्यांचं, दाराशी तुळशी. वयानं लहानच, कपाळावर पीठ लागलेलं. तिनं पाया पडून खुर्ची दिली, चहा आणला, अन् एका डब्यातून तो फोन काढला. तारेवर चार्ज करून ठेवला होता. सुनेले हिंदीत काहीतरी म्हणाली. सुनेनं मले कानात सांगितलं, "ते म्हनते, स्वयंपाक करताना रोज आयकत होतो. अम्मा हूं म्हने तं वाटे, मी एकटी शिकून नाई राह्यली."

"तिले म्हन, लाव."

लावला. मी डोळे मिटले. सुनेचा आवाज मले आला, दूर कुठं चिमण्या बसल्यासारखा. मी वाट पाहिली. डोळे उघडले. दोघी माझ्याकडं पाहत होत्या.

"आला?" सुनेनं विचारलं.

"नाई."

"आत्ताच होता. परत लावतो."

परत लावला. आवाज पुरा वाढवला. चिमण्या जास्त झाल्या. मग त्या पोरीनं कानात घालायच्या तारा आणल्या, डाव्या कानात बसवल्या, दाबून धरल्या. आता सुनेचे शब्दही कळायले लागले, मधेच एखादा. नदी. पहाड. पण दोन शब्दांच्या मधात काही नाही. खरखर. हुंकारा बारीक, तोंड मिटून दिलेला, माइकपासून लांब बसून दिलेला. मिलच्या मशीननं माझ्या कानातून नेमका तेवढाच भाग नेला असणार. अन् तसं पाहिलं तर तिचा हुंकारा मी केव्हा ऐकला होता? घरातही मी तिची हनुवटी पाहत होतो. फोनमध्ये हनुवटी कुठून येणार?

"मले नाई येत आयकू," मी म्हटलं.

ती उकव्याची पोरगी पाठ करून चुलीकडं गेली. मग सुनेनं तारेचं एक टोक माझ्या कानात राहू दिलं अन् दुसरं आपल्या कानात घातलं. धडा पहिल्यापासून लावला. माझ्यासमोर पाटावर बसली अन् एक बोट वर धरलं.

बोट खाली आलं. "हूं," तिनं ओठांनी दाखवलं.

परत वर. परत खाली. मी तिचं बोट पाहत राहिलो. मध्ये दोनचार वेळा लागोपाठ आलं, लवकर लवकर. म्हणजे बायकोले मजा आली असणार तिथं. मग एका जागी बोट वरच राहिलं. राहिलं, राहिलं.

"अथी काहून नाई?" मी विचारलं.

"अथी त्याइले समजलं नवतं. मी परत सांगून राह्यली, पाहा." अन् मग बोट खाली आलं.

असा पुरा धडा झाला. मले वाटलं, संपलं. पण सुनेनं तार काढली नाही. तिच्या तोंडावर एकदम काही वेगळं आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. चुलीजवळची पोरगी वळून पाहायले लागली, अन् तीही पदरात हसली. तिले माहीत होतं पुढं काय आहे. तिनं कितीदा ऐकलं होतं ते.

"काय हाय?" मी विचारलं.

"काई नाई, मामाजी."

"काय म्हनते ते? सांग."

"धडा झाल्यावर माइक चालूच राह्यला. मी बंद करायले विसरली. त्या बोलल्या काही. म्हनूनच पोरं हसले होते ग्रुपवर. हुंकाऱ्याले नाई, याले."

"मंग सांग ना काय बोलली!"

"मामाजी, तुमच्यासमोर मी कसं..."

"तिच्या शब्दात सांग. एकबी शब्द बदलवू नको."

सुनेनं मान खाली घातली. मग कानाशी आली अन् जोरात, पुऱ्या घराले ऐकू जाईल असं म्हणाली, "झालं का व बाई? मले केवाची मुतायले लागली, धरून बसलो."

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, पोटातून, खुर्ची हलली. तीच होती. दुसरी कोणतीच बाई असं बोलली नसती. धडा खराब होऊ नये म्हणून धरून बसली होती, अन् संपल्याबरोबर सांगितलं, घुमवून फिरवून नाही. सूनही हसत होती, ती पोरगीही. मग माझं हसणं कुठंतरी अडलं अन् दुसरंच काही बाहेर आलं. मी त्या अनोळखी घरात, नवीन धोतरात, लहान पोरासारखा रडलो. सुनेनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. बरं केलं.

ते पोरीचं घर. तिले नवऱ्याचा डबा भरायचा होता. आम्ही उठलो. सुनेनं तो धडा आपल्या फोनमध्ये घेतला. पोरगी म्हणाली, बाबूजी, फिर आइए. मी हौ म्हटलं. परत जायचं काही कारण नाही, तरी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये सून डाव्या कानाशी येऊन म्हणाली, "घरी गेल्यावर कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. मशीन भेटते कानाची. मंग येईन आयकू."

"डॉक्टरनं सांगतलं होतं मागंच. मशीननं बोलनं येईन, म्हने, असले बारके आवाज नाई. पैसे वाया."

"तरी जाऊ."

"जाऊ," मी म्हटलं. तिच्याशी वाद घालायची ताकद नव्हती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी परत लावू का, मामाजी? बोटानं सांगतो."

"नको. मले नाई येत आयकू, तुले येते. तूच आयक. दोघातल्या एकाले तं येऊ दे."

तिनं कानात तारा घातल्या, फोन पदराखाली धरला, अन् धडा संपला की परत लावत राहिली. बस घाट उतरत होती. मी खिडकीबाहेर पाहायचं सोडून तिच्या तोंडाकडं पाहत बसलो. कधी हसू येई, कधी डोळे भरत, कधी नुसतीच ऐकत राही, शहाण्या पोरीसारखी. माझी बायको माझ्या बाजूच्या सीटवर, सुनेच्या कानात, बोलून राह्यली होती, बालाघाट येईपर्यंत, अन् मी तिकीट हातात घेऊन बसलो होतो.